मुंबईतले जुने रस्त्यावरचे दिवे कसे ओळखायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने दिवे आणि खांब बघत फिरायचा नाद ज्यांना आहे किंवा नुकताच लागलाय अशा लोकांकडून जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र केलेत. मुख्यतः कुलाब्यापासून माहीमपर्यंतचं जुनं शहर धरलंय, उपनगरं आणि कोकणातली गावं शेवटाकडे आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे असेल तर तिथे नंबर दिलाय.

१. जुना दिवा म्हणजे किती जुना? सोडियमचा पिवळा दिवा पण यात येतो का?

येतो, आणि आता तर यायलाच हवा, कारण तो डोळ्यादेखत संपत चाललाय. पण आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, खांब वेगळा आणि वरचं फिटिंग वेगळं. फिटिंग दहा-पंधरा वर्षांत बदलतं, खांब मात्र कोणी हलवला नाही तर शंभर वर्षं तसाच उभा असतो, त्यामुळे खाली गॅसच्या जमान्यातला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, खांब आणि वर परवा लावलेला एलईडी अशी जोडी सर्रास दिसते. लोक वर बघतात, एलईडी दिसला की "नवीन आहे" म्हणून पुढे जातात आणि खरी गोष्ट तिथेच सुटते. आधी खाली बघा, मग वर बघा, आणि वहीत दोन्हीची नोंद वेगवेगळी करा.

२. मुंबईच्या रस्त्यांवर दिवे आले कधी?

तेलाचे दिवे आधी होते, पण थोडे आणि मिणमिणते. मोठा बदल झाला ७ ऑक्टोबर १८६५ ला, त्या संध्याकाळी मुंबईत रस्त्यावर पहिल्यांदा गॅसचे दिवे लागले. भेंडीबाजार, एस्प्लनेड आणि चर्चगेट स्ट्रीट, म्हणजे आजचा वीर नरिमन रोड, हे सुरुवातीचे भाग. दिवे लावणारा माणूस शिडी घेऊन एका खांबाकडून दुसऱ्याकडे जायचा आणि त्याच्या मागून बघ्यांची गर्दी चालायची अशी हकीकत जुन्या नोंदींमध्ये आहे, आणि मला ती या शहराच्या इतिहासातली फार गोड गोष्ट वाटते. गॅस यायचा बॉम्बे गॅस कंपनीकडून, दगडी कोळशापासून बनवलेला, आणि लालबागकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात "गॅस कंपनी" हा पत्ता अजून असतो.

वीज आली १८८२ ला, क्रॉफर्ड मार्केटमध्ये. पण ती कंपनी पुढच्याच वर्षी बुडाली आणि मार्केट परत गॅसवर गेलं! म्हणजे विजेचा दिवा एकदा येऊन परत गेला होता, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. नंतर १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी आली, १९०७ च्या मे महिन्यात विजेची ट्राम धावली, आणि १९४७ च्या ऑगस्टमध्ये ही कंपनी महापालिकेकडे आली, तीच आपली बेस्ट. गॅस आणि वीज ही दोन्ही बराच काळ शेजारी शेजारी नांदली, त्यामुळे "या सालानंतर गॅसचा खांब असूच शकत नाही" असं धरून चालू नका.

३. मी नवीन आहे, सुरुवात कुठून करू?

रविवारी सकाळी फोर्ट. गाड्या नसतात, फेरीवाले उशिरा येतात, फुटपाथ मोकळे असतात आणि खांबाचा बुंधा नीट बघता येतो, बाकीच्या दिवशी तो पार्क केलेल्या बाइकमागे लपलेला असतो. चर्चगेटहून वीर नरिमन रोडने हुतात्मा चौकाकडे, तिथून हॉर्निमन सर्कल, मग मागच्या गल्ल्या. मोठ्या रस्त्यांवर बदल फार झालेत, जुनं काही मिळालं तर गल्लीत, कंपाउंडच्या तोंडाशी, चर्चच्या किंवा अग्यारीच्या भिंतीलगत मिळतं, कारण तिथे रस्ता रुंदीकरण पोहोचलेलं नसतं.

आणि एक गोष्ट पहिल्याच महिन्यात बघून या, भायखळ्याचा खडा पारशी. शेठ करसेटजी माणेकजी यांचा हा पुतळा बिडाच्या उंच नक्षीदार खांबावर उभा आहे आणि खाली चार जलपऱ्या आहेत, त्यांच्या हातात दिवे. आजूबाजूला फ्लायओव्हर आहेत त्यामुळे बसमधून जाताना नीट दिसत नाही, उतरूनच बघावं लागतं. २०१४ च्या सुमारास त्याची डागडुजी झाली. बिडाचं ओतकाम किती बारीक असू शकतं हे एकदा तिथे पाहिलं की मग साध्या खांबावरची पानं, कडी, पन्हळी ओळखायला नजर तयार होते.

४. गॅसच्या जमान्यातला खांब नक्की कसा ओळखायचा? वर तर आता वीज आहे.

वर काय आहे ते विसरा. पहिली खूण म्हणजे उंची, गॅसचा खांब बुटका असतो, साधारण दहा-बारा फूट, कारण रोज माणसाला शिडी लावून वर जायचं असायचं. दुसरी खूण त्या शिडीचीच, कंदिलाच्या जरा खाली खांबातून दोन्ही बाजूंना हातभर आडव्या दांड्या निघालेल्या असतात, टोकाला कधी छोटे गोळे. शिडी टेकवायला ती दांडी. बऱ्याच ठिकाणी एक दांडी तुटलेली असते आणि दुसरी शाबूत, किंवा नुसते बुडखे राहिलेले असतात, ते बोटांसारखे दिसतात, बारकाईने शोधा.

तिसरी खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते, खांबाला खाली दार आहे का. विजेच्या खांबाला बुंध्यापाशी छोटं झाकण असतं, आत फ्यूज आणि केबलचा जोड. गॅसच्या खांबाला ते लागतच नव्हतं, आतून नुसता पाइप वर जायचा. त्यामुळे नंतर वीज घेतली तेव्हा फ्यूजचा डबा बाहेरून पट्टीने आवळून बसवावा लागला. बिडाचा बुटका खांब, बुंध्याला दार नाही, आणि बाहेरून लटकवलेला डबा किंवा बाजूने चढवलेला पाइप, हे तिन्ही एकत्र दिसलं तर तो गॅसचाच असण्याची शक्यता खूप.

शेवटचं म्हणजे धातू. बीड वाकत नाही, तुटतं. खांबाला ट्रकची धडक बसून तो वाकलेला असेल तर तो बिडाचा नाही, पोलादी आहे. बिडाच्या खांबाला धडक बसली की तडा जातो किंवा तुकडा उडतो, आणि त्या तुटक्या कडेला आतला करडा, साखरेसारखा रवाळ पोत दिसतो. गंजसुद्धा वेगळा, पोलादाचे पापुद्रे सुटतात तसे बिडाचे सुटत नाहीत, ते काळपट होऊन घट्ट राहतं.

५. आमच्या रस्त्यावर मस्त व्हिक्टोरियन दिवे आहेत, पण मित्र म्हणतो नकली आहेत. कसं कळणार?

मित्राचं बरोबर असण्याची शक्यता जास्त आहे. सुशोभीकरणात जुन्या धाटणीचे खांब शहरभर लावले गेलेत, रंग काळा, वर कंदील, मध्ये सोनेरी पट्टा, लांबून हुबेहूब. बुंध्याकडे बघा. नवीन खांब चौकोनी किंवा गोल प्लेटवर उभा असतो आणि प्लेटला चार मोठे नटबोल्ट असतात, कधी वर टोपण घालून झाकलेले. जुना खांब थेट जमिनीतून उगवल्यासारखा असतो, कारण त्याचा खालचा चार-पाच फुटांचा भाग जमिनीत गाडलेला आहे.

मग चुंबक. फ्रिजवर लावायचा साधा चुंबक खिशात ठेवा. बिडाला आणि पोलादाला तो चिकटतो, ॲल्युमिनियमला आणि फायबरला नाही. आताच्या बऱ्याच नक्षीदार खांबांची नक्षी ॲल्युमिनियमच्या ओतकामाची किंवा फायबरची असते, आत साधा पोलादी पाइप. नक्षीला चुंबक चिकटला नाही की विषय संपला. चिकटला तर मात्र लगेच उड्या मारू नका, प्रश्न ४ मधल्या खुणा बघा. आणि चुंबक लावण्याआधी प्रश्न १५ वाचा.

आणखी एक म्हणजे सारखेपणा. रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस खांब एकसारखे, सरळ, एकाच अंतरावर उभे असतील तर ते नवीन. जुना खांब एकटा असतो, थोडा कललेला, आणि त्याच्या शेजारी पाच वेगवेगळ्या काळातले खांब असतात. नवीन खांबांवर माझा राग नाही, रस्ता छान दिसतो, पण ते लावताना शेजारचा खरा जुना खांब भंगारात जातो तेव्हा जीव तुटतो.

६. खांबावर अक्षरं, आकडे आहेत, त्यांचा काही उपयोग?

खूप. ओतलेली अक्षरं आणि रंगवलेली अक्षरं वेगळी धरा. ओतलेली अक्षरं खांबाबरोबरच जन्मलेली, बहुधा बुंध्याच्या पट्टीवर किंवा दाराच्या झाकणावर, कारखान्याचं किंवा वीज कंपनीचं नाव. रंगाचे इतके थर असतात की दिसत नाहीत, तेव्हा संध्याकाळी मोबाइलचा टॉर्च खांबाला चिकटवून तिरपा धरा, सावलीत अक्षरं उठून येतात. नाणं किंवा चावी घेऊन रंग खरवडू नका, कितीही मोह झाला तरी.

वीज कंपनीच्या नावात "कंपनी" असेल तर माल १९४७ च्या आधीचा, कारण नंतर ती महापालिकेचा उपक्रम झाली. झाकण मात्र दुसऱ्या खांबावरून आणून बसवलेलं असू शकतं, त्यामुळे फक्त झाकणावरून खांबाचं वय ठरवू नका. रंगवलेला नंबर हा देखभालीचा, तो बदलत राहतो, पण फोटोत जरूर घ्या, नंतर तोच खांब शोधायला उपयोगी पडतो.

एवढे जड खांब इथेच ओतले का हाही प्रश्न येतो. त्या काळात बिडाचे सुटे भाग विलायतेहून जहाजाने आणून इथे जोडणं नेहमीचं होतं, काळाघोड्याजवळचं वॉटसन्स हॉटेल, म्हणजे एस्प्लनेड मॅन्शन, हे अख्खं लोखंडी सांगाड्याचं घर तसंच आलं होतं. इमारत येते तिथे खांब काय मोठी गोष्ट.

७. नुसत्या उजेडावरून दिव्याचा प्रकार ओळखता येतो का?

येतो आणि यात खरी मजा आहे. आधी रंग. सोडियमचा सोनेरी-केशरी. मर्क्युरीचा, म्हणजे पाऱ्याच्या वाफेवर चालणाऱ्या दिव्याचा, थंड, हिरवट-निळसर पांढरा, त्यात माणसाचा चेहरा आजारी दिसतो. ट्यूबचा सपाट पांढरा. एलईडी पांढरा किंवा पिवळसर, पण प्रकाश ठिपक्यांतून येतो आणि जमिनीवर कडा धारदार पडतात.

मग दिवा लागताना बघा, ही सगळ्यात चांगली परीक्षा. एलईडी एका झटक्यात पूर्ण लागतो. सोडियम आधी फिकट गुलाबी-पांढरट लागतो आणि तीन-चार मिनिटांत हळूहळू सोनेरी होतो. मर्क्युरीलाही तेवढाच वेळ लागतो. आणि लाइट जाऊन लगेच परत आली तर मर्क्युरी लगेच लागत नाही, नळी थंड व्हावी लागते, तोवर खांब काळोखात. म्हातारा झालेला सोडियम तर आपोआप लागतो, तापतो, विझतो, थंड झाला की परत लागतो, रात्रभर हेच. लोकांना वाटतं वायर लूज आहे, पण तो दिव्याचा शेवटचा काळ असतो, दिसला तर व्हिडिओ काढून ठेवा.

घरी जुनी सीडी पडली असेल तर ती बरोबर घ्या. दिव्याकडे तोंड करून सीडी तिरपी धरा म्हणजे तिच्यात दिव्याचा पट्टा दिसतो. एलईडीचा पट्टा सलग, लाल ते जांभळा, निळा भाग जरा भडक. मर्क्युरीचे मात्र सुटे सुटे तुकडे, एक निळा, एक हिरवा, एक पिवळा आणि मध्ये काळोख. सोडियमच्या पट्ट्यात पिवळ्या-केशरीचा जोर. पैसे खर्च न करता मिळणारं यापेक्षा चांगलं साधन मला माहीत नाही.

८. आमच्याकडे एक दिवा जांभळा झालाय, तो कुठला जुना प्रकार?

जुना नाही. एलईडी मुळात निळा असतो, वर पिवळ्या पावडरीचा थर असतो आणि दोन्ही मिळून पांढरं दिसतं. तो थर सुटला की निळा-जांभळा उजेड उघडा पडतो.

९. मरीन ड्राइव्हचे दिवे जुनेच आहेत ना? पिवळे तर दिसतात.

नाही. तिथे वर्षानुवर्षं सोडियम होते आणि त्या सोनेरी माळेवरूनच राणीचा रत्नहार हे नाव जगभर गेलं. २०१५ च्या सुरुवातीला ते काढून पांढरे एलईडी लावले. हार चांदीचा झाला म्हणून लोक चिडले, राजकारण झालं, विषय मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि शेवटी पिवळसर उजेडाचे एलईडी आले. म्हणजे आज जो पिवळा दिसतो तो एलईडीच. खात्री करायची असेल तर सीडीची परीक्षा करून बघा (प्रश्न ७), पट्टा सलग दिसेल.

मला यात महत्त्वाचं हे वाटतं की रस्त्यावरच्या दिव्याच्या रंगासाठी हे शहर भांडलं. दिवे म्हणजे नुसती सोय नसते, रस्त्याची ओळख असते, हे लोकांना आतून माहीत होतं. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या, तिथल्या दिव्यांचा उजेड त्याच इमारतींवर पडतो.

१०. भिंतीतून निघालेले दिवे मोजायचे का?

नक्की मोजा. गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवीकडे गल्ल्या इतक्या अरुंद की खांब उभा करायला जागाच नाही, म्हणून चाळीच्या भिंतीतून ब्रॅकेट काढून दिवा टांगायचा. घडीव लोखंडाची वेलबुट्टी असलेलं ब्रॅकेट दिसलं तर थांबाच. बऱ्याचदा दिवा केव्हाच गेलेला असतो आणि ब्रॅकेटवर केबलवाल्याच्या वायरी लटकत असतात. इमारत रीडेव्हलपमेंटला गेली की ब्रॅकेट डेब्रिजमध्ये जातं, त्यामुळे खांबांपेक्षा यांची नोंद आधी करा. खाजगी इमारतीच्या दारावरचा दिवा मात्र रस्त्याचा धरत नाहीत.

११. ताटलीसारखी शेड असलेले आणि ट्यूबच्या डब्याचे दिवे कितपत जुने?

आतून पांढरी आणि बाहेरून हिरवी किंवा निळी इनॅमलची ताटली आणि खाली साधा बल्ब, हे मर्क्युरी सगळीकडे यायच्या आधीचं, आता रेल्वेच्या जुन्या आवारांत, गोदीत, गिरण्यांच्या कंपाउंडमध्ये चुकून दिसतं. ट्यूबचा लांब डबा त्यानंतरचा, गल्लीबोळांसाठी, आणि एलईडी येईपर्यंत टिकला. ट्यूबच्या डब्यांचे फोटो कोणी काढत नाही, काढा. दहा वर्षांनी शोधून सापडणार नाहीत.

१२. खांब जुना आहे पण दिवा लावायची सोयच दिसत नाही. मग तो काय असेल?

हा प्रश्न फोटोसकट येतो आणि उत्तर बहुतेक वेळा दोनापैकी एक असतं. पहिलं म्हणजे गटाराचा हवेचा पाइप. खांबापेक्षा खूप उंच, बिडाचा, खाली नक्षी असू शकते, पण वर ब्रॅकेट नाही, तोंड उघडं किंवा जाळीची टोपी. भूमिगत गटारातला वायू घरांच्या वर सोडण्यासाठी हे उभारले. नक्षीमुळे लोक फसतात.

दुसरं म्हणजे तार ओढायचा खांब. ट्रामची वरची तार धरायला रस्त्याकडेला खांब लागायचे, मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. असा खांब जाड असतो कारण त्याला एका बाजूने सतत ओढ असते, आणि वरच्या भागात तार अडकवायची कडी किंवा पट्टा असतो. जुन्या ट्राम रस्त्यावर असा खांब दिसला तर "शक्यता" म्हणून नोंद करा आणि त्या रस्त्याचा जुना फोटो मिळतो का बघा, फोटोशिवाय ठाम बोलू नका. फ्लोरा फाउंटनच्या कामात २०१८ च्या सुमारास जमिनीखाली ट्रामचे रूळ निघाले होते, म्हणजे या गोष्टी अजून आपल्या पायाखाली आहेत.

१३. बाणगंगेच्या दीपमाळा आणि कुलाब्याचं दीपगृह यात धरायचं का?

नाही. दीपमाळ देवळाची, सणाला लागणारी. १८७५ चं प्राँग्ज दीपगृह जहाजांसाठी. दोन्ही बघण्यासारखी आहेत, पण आपली यादी रस्त्यावरून चालणाऱ्या माणसासाठी लावलेल्या दिव्यांची आहे. बाणगंगेला गेलात तर तलावाभोवतीच्या गल्ल्यांमधले भिंतीवरचे दिवे बघून या (प्रश्न १०).

१४. समुद्राकाठचे खांब इतक्या लवकर का सडतात? मग बिडाचे कसे टिकले?

खारी हवा. समुद्राच्या लाटांचे तुषार वाऱ्याने उडतात, मीठ लोखंडावर बसतं, मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, आणि गंज थांबतच नाही. सगळ्यात वाईट जागा म्हणजे खांब जमिनीत शिरतो तो पट्टा, पावसाचं पाणी, माती, कुत्र्यांचं मूत, सगळं तिथेच. साध्या पोलादी पाइपची भिंत पातळ असते, ती तिथे आतबाहेरून खाल्ली जाते आणि वरून रंग चकचकीत असताना खांब एक दिवस आडवा होतो. बिडाच्या खांबाची भिंत जाड असते आणि त्यावरचा गंज घट्ट बसतो, म्हणून तो टिकला. आता जस्ताचा मुलामा दिलेले आठ कोनी खांब वापरतात, राखाडी रंगाचे, ते लांबूनही ओळखू येतात.

वरळी सी-फेस किंवा दादर चौपाटीकडे म्हणूनच फार जुना पोलादी खांब मिळत नाही. जुनं हवं असेल तर समुद्रापासून दोन गल्ल्या आत शिरा.

१५. खांबाला हात लावायला हरकत आहे का?

पावसाळ्यात अजिबात नाही. ओल्या खांबातून करंट उतरून माणसं आणि जनावरं गेल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. जून ते सप्टेंबर फक्त डोळ्यांनी आणि झूम करून बघायचं, साचलेल्या पाण्यात उभं राहून तर मुळीच नाही. एरवीसुद्धा झाकण तुटलेलं असेल, वायर लोंबत असेल तर लांबच राहा आणि वीज कंपनीला कळवा. चुंबकाची परीक्षा कोरड्या दिवसांत, पायात रबरी तळाची चप्पल किंवा बूट घालून, आणि चुंबक दोऱ्याला बांधून लांबून सोडला तर सगळ्यात बरं. झाकण उघडून आत बघणं हे कोणीही करू नये.

१६. फोटो किती वाजता काढायचे?

दिवे लागायच्या आधी पंधरा मिनिटं जागेवर असा. मुंबईत सूर्यास्त नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या पुढे, त्या हिशेबाने निघा. आकाशात थोडा निळा उजेड आणि दिवा नुकताच लागलेला, अशी दहा-पंधरा मिनिटं मिळतात, त्यात खांब पण दिसतो आणि उजेडाचा रंग पण. मोबाइलचा ऑटो मोड सोडियमचा सोनेरी रंग "सुधारून" पांढरा करतो, तेव्हा प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स दिवसाच्या उजेडावर ठेवा. दिवसा एक फोटो बुंध्याचा, एक पूर्ण खांबाचा, एक आजूबाजूच्या दुकानाच्या पाटीसकट.

१७. पोलिस अडवतील का?

साध्या रस्त्यावर नाही. नौदल गोदी, लायन गेटचा परिसर, कुलाब्याचा लष्करी भाग, तिथे कॅमेरा काढूच नका, खांब कितीही सुंदर असो. ड्रोन विसरा. बाकी कुठे कोणी विचारलं तर काय करतोय ते सरळ सांगा, "खांबाचा फोटो काढतोय" म्हटल्यावर बहुतेक हवालदार काका स्वतःच आठवणी सांगायला लागतात.

१८. चोरबाजारात जुना गॅसचा कंदील मिळतो, घ्यावा का?

मटण स्ट्रीटवर पितळी-तांब्याचे कंदील भरपूर दिसतात, त्यातले बरेच जहाजावरचे किंवा सरळ नवीन बनवून जुने केलेले. शोभेसाठी हवा तर घ्या. पण खांबाचा तुकडा, बिडाचं झाकण, नंबरची पाटी असं काही विकायला असेल तर हात लावू नका, ती सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तुम्ही विकत घेतलीत की पुढचा खांब तोडायला कारण मिळतं.

१९. मी वांद्रे-अंधेरीकडे राहतो, इथे काय बघायचं?

तिथला वीजपुरवठा बेस्टचा नाही, त्यामुळे पाट्या वेगळ्या. बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय १९२९ ची, तीच बीएसईएस, मग रिलायन्स, आणि २०१८ पासून अदानी. डब्यावर बीएसईएस दिसलं की तो डबा निदान रिलायन्सचं नाव येण्याआधीचा. भांडुप-मुलुंडकडे महावितरण. जुन्या गावठाणांमध्ये, रानवार, चुईम, खारदांडा, भिंतीवरचे ब्रॅकेट आणि बुटके खांब मिळण्याची शक्यता जास्त.

२०. कोकणात आमच्या गावी असलं काही मिळेल का?

गॅसचे खांब नाही, तिथे नगरपालिकेचे कंदील होते, रॉकेलचे, लाकडी किंवा दगडी खांबांवर. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला, अलिबागकडे गेलात तर बघायची गोष्ट वेगळी, रुळाचा खांब. रेल्वेचे जुने रूळ उभे गाडून त्यांवर वीज आणि दिवे, आणि त्यांच्या अंगावर कधी कधी रुळाच्या कारखान्याचं नाव आणि साल उठावात असतं. ते साल रुळाचं, खांब उभा केल्याचं नाही, एवढं लक्षात ठेवा. डब्यांवर "म.रा.वि.मं.", म्हणजे महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ, असेल तर तो १९६० ते २००५ मधला, कारण वीज मंडळ जून १९६० मध्ये स्थापन झालं आणि जून २००५ मध्ये त्याचं विभाजन होऊन महावितरण आली. घरातल्या ऐंशीच्या पुढच्या माणसांना विचारा की दिवे लावायला कोण यायचं, कुठून कुठपर्यंत जायचं. त्या माहितीची नोंद कुठल्याच कार्यालयात नसते.

२१. जुना खांब काढताना दिसला तर काय करता येतं?

लगेच फोटो, जागा, तारीख. काम करणाऱ्या मजुरांशी भांडू नका, त्यांना सांगितलेलं ते करतात. वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज द्या, खांब कुठे नेला, परत बसवणार का, आणि परिसर हेरिटेज असेल तर तसं लिहा. मुंबईला १९९५ पासून हेरिटेज नियमावली आहे आणि समितीही आहे. आधीपासूनची नोंद हातात असेल तर अर्जाला वजन येतं, नुसत्या "इथे जुना खांब होता" याला येत नाही. जुन्या मैलाच्या दगडांचं उदाहरण समोर आहे, वर्षानुवर्षं फुटपाथमध्ये अर्धे गाडलेले होते, लोकांनी शोधून नोंदी केल्या आणि मग महापालिकेने ते बाहेर काढून नीट बसवायला घेतले.

२२. खांब सगळ्या खुणांनी जुना वाटतो पण फार बुटका आहे आणि खाली नक्षीच नाही. कापलेला आहे का?

बहुतेक वेळा कापलेला नसतो, गाडलेला असतो. मुंबईत रस्ता आणि फुटपाथ खरवडून न काढता थरावर थर चढवत गेले, त्यामुळे जमीनच वर आली आणि खांबाचा नक्षीदार बुंधा आत गेला. शेजारच्या जुन्या इमारतीची पायरी बघा, दोन पायऱ्या असायच्या तिथे एकच उरली असेल किंवा दुकानात खाली उतरावं लागत असेल, तर तेवढाच खांब आत गेलाय असं समजा. उलटंही होतं. रुंदीकरणात खरा जुना खांब उचलून नवीन चौथऱ्यावर बोल्टने बसवतात, मग प्रश्न ५ मधली प्लेटची खूण त्याला लागू होत नाही. अशा वेळी शिडीच्या दांड्या आणि बुंध्याचं दार यांवर भर द्या, आणि नोंदीत "जागा बदललेली असू शकते" असं लिहा. फुटपाथ खोदायला घेतला की आठवड्याभरात परत एक चक्कर मारा, तेवढेच दिवस बुंधा उघडा असतो.